छपरीतली चूल

नव्या चुलीत छायाचा फायदा किती, हे त्या फाल्गुनात रामाकोना गावच्या निम्म्या बायकांनी आपापल्या परीनं मोजून पाहिलं. डोळे चुरचुरायचे थांबणार, हा एक. भांड्यांची बुडं राखेनं घासता घासता बोटांची सालं निघणार नाहीत, हा दुसरा. मोठ्या जावेच्या नजरेखाली कणीक मळावी लागणार नाही, हा तिसरा. आणि ज्यांना मोठ्या जावा होत्या त्यांच्या मते हाच पहिला. छायाच्या हिशेबात मात्र एकच बाब होती. तिची चार वर्षांची स्मिता रात्री आडवी होऊन झोपेल. भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, बसल्या बसल्या नव्हे.

भैय्याजींचा फायदा कोणी मोजला नाही. चूल भावजयीची, पोरगी भावाची. त्यात मोठ्या भावाला काय मिळणार? गावात हिशेबी माणसं कमी नव्हती, पण जो घडा रिकामा वाटतो त्यात वाकून कोण पाहतो.

कळंबेंचं घर एकत्र होतं. म्हातारे कळंबे जाऊन दोन वर्षं झाली होती. मागे अंबाबाई, थोरले भैय्याजी, त्यांची बायको सुशीला, त्यांची चार पोरं, धाकटा श्रीधर, त्याची छाया आणि स्मिता. वावर एक, संत्र्याचा बगीचा एक, कारभार भैय्याजींचा, घाम श्रीधरचा. अशी वाटणी न करताच झालेली होती आणि ती कोणाला टोचतही नव्हती.

टोचत होता तो धूर. सैपाकघराला दार एक आणि खिडकी नाही. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. थंडीत घरातली ऊब तेवढीच, म्हणून सगळी पोरं तिथंच लोळायची. त्यातून कोपऱ्यात अंबाबाईंची शेगडी. दार लावलं की वरचे वासे दिसायचे नाहीत. सुशीलाची चारही पोरं त्या धुरात खोकत, नाक पुसत, दणकट झाली. स्मिता झाली नाही. दर थंडीत तिची पसली उडायला लागायची. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा आणि आतून पिपाणीसारखा आवाज यायचा. अंबाबाईंनी नजर उतरवली, जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलून झालं. शेवटी श्रीधर आणि छाया पोरीला खांद्यावर टाकून सौसरच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं छातीला नळी लावली, मग छायाच्या लुगड्याचा वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "औषध मी देऊन राहिलो, धूर तुम्ही देऊन राहिले. दोघांपैकी एकाले थांबा लागन."

त्याच सुमाराला ब्लॉकच्या ग्रामसेविका मालतीबाई गावात बिनधुराच्या चुली बांधत फिरत होत्या. सोबत लोखंडी साचा आणि सिमेंटचा पाइप. माती, शेण, भुसा घरच्यानं द्यायचा. चूल त्या बांधून देणार, पाइप छपरातून वर काढणार, धूर थेट आभाळात. त्या कळंबेंच्या सैपाकघरात शिरल्या, खोकल्या, पदर नाकाला लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ही जुनी चूल काढू अन् त्याच जागी नवी बसवू. सगळ्याच घराचं काम होईल."

भैय्याजी ओसरीवर सुपारी कातरत होते. ते छायाशी कधी बोलत नसत. भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, धाकट्या भावजयीशी थेट बोलू नये, ही रीत ते इतकी कडक पाळत की तिच्यासाठीचा निरोप ते स्मिताच्या तोंडी देत, मग स्मिता तिथं असो की नसो. आत्ता ती होती.

"स्मिते," ते म्हणाले, "तुया मायले सांग, जुनी चूल तुया आजोबानं बसवली. मजुरायचा सैपाक तिच्यावर होते, मोठे गंज-पातेले बसते. ह्या बाईच्या चुलीचं भोक तं चहाच्या गंजीएवढं. मागच्या छपरीत बांधून घ्या म्हणा नवी चूल. तुमचं तिघायचं तिकडेच करत जा. पोट्टीची छाती महत्त्वाची."

मालतीबाई म्हणाल्या, "अहो, पण मग इकडचा धूर तसाच राहील."

"आमचं काय," भैय्याजी म्हणाले, "आम्ही धुरातच पिकलो. आंब्यासारखे."

सगळे हसले. छाया दाराआड उभी होती. तिनं पदर डोक्यावर आणखी पुढे ओढला, कारण डोळे भरून आले होते. सासरी येऊन सहा वर्षं झाली, पण तिच्या पोरीची छाती महत्त्वाची, असं ह्या घरात कोणी पहिल्यांदाच बोललं होतं.

चूल झाली. दोन तोंडांची, गेरूनं सारवलेली, मागे पाइप. चुली गावात दहा घरी झाल्या, पण जेवणावळ फक्त कळंबेंकडे झाली. भैय्याजींनीच ठरवलं. रघुनाथरावांना बोलावलं, आणखी चार वडीलधाऱ्यांना बोलावलं. रघुनाथराव म्हणजे गावातला जुना पंच. कोणाच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दगड हलला तरी त्यांना विचारल्याशिवाय जागेवर जात नसे. नारळ फोडला. जुन्या चुलीतला रात्रीचा राखेखालचा विस्तव आणावा म्हणून छाया फावडी घेऊन निघाली, तर भैय्याजी अंगणातूनच म्हणाले, "स्मिते, मायले सांग, नव्या चुलीले नवा विस्तव. काडी लाव म्हणा."

तिनं काडी लावली. जाळ आत ओढला गेला, पाइपातून वर गेला, छपरीत नुसता पुरणाचा वास राहिला. पाटांवर बसलेल्या पाहुण्यांना तिनं स्वतःच्या हातानं पोळ्या वाढल्या. रघुनाथरावांना तीन.

अंबाबाई आतून पाण्याचा एक पितळी गुंड, कढई, पोळपाट, दोन ताटं आणि तिखटामिठाचा डबा घेऊन आल्या आणि छपरीत ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. छाया म्हणाली, "आत्याबाई, तिकडच्या धुरातून आल्या काय? बसा जराशा इकडे, बरं वाटन." त्या बसल्या नाहीत.

चैत्र गेला, वैशाख गेला. स्मिता झोपायची. छाया रात्री मुद्दाम जागून तिचा श्वास ऐकायची, आणि ऐकू येत नाही म्हणून घाबरून नाकाशी बोट धरायची. इतका तो गुपचूप चालायला लागला होता. पोरगी अंगणात चुलतभावांच्या मागे पळायला लागली. एकदा भिंतीवर चढून पडली आणि गुडघा फोडून घेतला, तर छायाला दोन धपाटे घालताना आतून हसू येत होतं.

त्याच उन्हाळ्यात भैय्याजींनी नवी विहीर काढली. जुनी विहीर चैतातच खडक दाखवायची आणि संत्र्याची झाडं माना टाकायची. मजूर लावले, पण खाली उतरून सुरुंगाची भोकं पाडायला, दगड भरायला श्रीधर सगळ्यांच्या आधी. संध्याकाळी छपरीत येऊन बसला की त्याच्या भुवयांवर मुरमाची पांढरी धूळ असायची आणि तो स्मितासारखाच खोकायचा. पाणी लागलं त्या दिवशी त्यानं विहिरीतूनच हाक मारली. भैय्याजींनी पहिला तांब्या स्मिताच्या हातात दिला. "पी," ते म्हणाले, "तुया बापानं काढलं हे पाणी."

हे वाक्य छायानं जपून ठेवलं होतं. पुढे तिला ते कामी येईल असं वाटलं होतं.

दिवाळी झाली आणि भैय्याजींनी हिश्श्यांची गोष्ट काढली. मोठ्या आवाजात नाही, भांडून नाही. बाप गेला, पोरं मोठी होऊन राहिली, एकदा होऊन जाऊ द्या. पौषात पंच बसले. अंगणात सकाळच्या उन्हात शेकोटी, तिच्याभोवती रघुनाथराव आणि पंगतीतले तेच चौघे. छाया दाराआड, कडेवर स्मिता. सुशीला आत पाचव्याला पाजत बसलेली. श्रावणात तिला मुलगा झाला होता, रवींद्र.

रीत अशी की मोठ्यानं वाटे पाडावे आणि धाकट्यानं आधी उचलावा. भैय्याजींनी वाटे असे सरळ पाडले की कोणाला नाव ठेवता येऊ नये. वावर निम्मं, बगीचा निम्मा, झाडाला झाड, बैलाला बैल. मग म्हणाले, "धाकट्यानं आधी उचलावा. नवी विहीर तेवढी सोडून."

श्रीधर म्हणाला, "विहीर काहून सोडून?"

"विहीर माही. वेगळं झाल्यावर काढली ते."

"वेगळं कधी झालो आपण दादा? आज होऊन राहिलो."

 भैय्याजींनी नुसतं रघुनाथरावांकडे पाहिलं, जसं घरात पाहुण्यांसमोर बायकोकडे पाहतात, चहाचं काय म्हणून. रघुनाथराव शेकोटीत काडी सारत म्हणाले, "श्रीधर, आता तोंड कायले लावतं. फाल्गुनात तुयी चूल वेगळी झाली. विहीर वैशाखात. मी स्वतः त्या चुलीवरच्या तीन पोळ्या खाल्ल्या. भांडी वेगळी पाह्यली, विस्तव वेगळा पाह्यला. चूल वेगळी म्हणजे माणूस वेगळा. हे आपल्यात काय मले सांगा लागते?"

"चूल धुरासाठी केली होती काका. पोट्टीसाठी."

आता भैय्याजी बोलले. शांतपणे, पंचांकडे पाहून. "धुराचं निमित्त होतं. धुरानं कोणी बिमार पडते काय? माही चार पोट्टी त्याच सैपाकघरात वाढली, पाचवं वाढून राहिलं. चुलीपाशी बसल्यानं ऊब भेटते, बिमारी नाही भेटत. ह्यायले वेगळं निघा लागत होतं, निघाले. मी अडवलं नाही. उलट पंगत घातली."

छायाच्या कडेवर स्मिता होती. तिनं ऐकलं की नाही कोणास ठाऊक, पण मोठ्या बाबाचा आवाज ऐकून ती हसली. निरोप तिच्याच तोंडून जायचे ना. छायाला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली. भैय्याजी तिच्याशी एक शब्दही खोटं बोलले नव्हते, कारण ते तिच्याशी बोललेच नव्हते. बोलली होती तिची पोरगी. आणि साक्षीदारांना पोळ्या वाढल्या होत्या तिनं स्वतः, वरून तूप सोडून.

ती दाराआडूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "आत्याबाई, तुम्हीच सांगा. छपरीत चूल बांधा म्हणून कोण म्हणालं होतं?"

अंबाबाई शेकोटीकडे पाठ करून बसल्या होत्या. "मले काय समजते बाई," त्या म्हणाल्या. "मले म्हणलं भांडी दे. मी देल्ली."

तेव्हा छायाला ते डोळ्यांतलं पाणी आठवलं. धुरातून आल्या काय, असं तिनंच विचारलं होतं. पण त्या दिवशी सणाचा सगळा सैपाक छपरीत झाला होता. जुन्या चुलीत सकाळपासून जाळच नव्हता.

"अन् पाणी लागलं तेव्हा कोण म्हणालं, तुया बापानं काढलं हे पाणी?"

एक पंच हसला. "काढलं तं त्यानंच असन. मजूरही काढतेत."

रघुनाथराव वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त आपण खाल्लेलं जेवण खोटं ठरलेलं चालत नसे. उठताना त्यांनी श्रीधरच्या खांद्यावर हात ठेवला. "एक करून पाहा. ती चूल फोड. सगळ्यायच्या देखत जुन्या चुलीवर जेवा. होळीपर्यंत एका चुलीवर राह्यले, तं मी म्हणीन, पोट्टे रुसले होते, परत आले. चूल एक तं विहीर एक. भैय्याजीले मी पाहून घेईन."

छपरीत आल्यावर छायानं विचारलं, "तुम्हाले त्या दिवशी समजलं नव्हतं? पंगतीच्या दिवशी?"

श्रीधर पाइपाच्या बुडाशी पडलेली राख बोटानं चाळवत राहिला. "थोडंसं समजलं होतं," तो म्हणाला. "मायनं गुंड आणून ठेवला तेव्हा."

"अन् बोलले नाही."

"पोट्टी त्या दिवशी दुपारी झोपली होती. तोंड मिटून. म्हटलं, असू दे."

छायाला भैय्याजींचा राग आला होता, अंबाबाईंचा आला होता. ह्या उत्तरावर काय यावं ते तिला कळेना. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, तीच एक नवरीसारखी नटून आपल्याच वाटणीची पंगत वाढत होती.

दुसऱ्या दिवशी श्रीधर गोठ्यातून सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आला. "होळीपर्यंतचीच गोष्ट आहे," तो म्हणाला. "पाण्याबिगर झाडं नाही वाचत. झाडं नाही तं पोट्टीले काय घालू?"

"फोडा," छाया म्हणाली. "पण आधी हिले घेऊन तिकडे बसा. मोठ्या बाई भाकरी टाकून राहिल्या. जाळ विझेपर्यंत बसा. मग येऊन फोडा."

"मी?"

"मी सहा वर्षं बसली. तुम्ही एक सकाळ बसा. मध्ये उठायचं नाही."

तो गेला. छायानं सब्बल उचलून भिंतीला लावली नाही. जिथं त्यानं टाकली तिथंच राहू दिली, त्यानं ती ओलांडून यावं म्हणून. पलीकडून फुंकणीचा आवाज येत होता. पौषाची थंडी, दार लोटलेलं. ओल्या पऱ्हाट्यांचा धूर दाराच्या फटीतून पिवळा होऊन बाहेर येत होता. मग खोकला ऐकू आला, आधी मोठ्या माणसाचा. मग लहान. लहान खोकला थांबला, तेव्हा छाया उठून उभी राहिली, कारण तो का थांबतो हे तिला ठाऊक होतं. श्वासच पुरत नाही तेव्हा थांबतो.

श्रीधर पोरीला छातीशी धरून आला. स्मिताचे ओठ निळसर झाले होते, बरगड्यांखाली तो जुना खड्डा पडत होता. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ह्यावेळी ते खरोखर धुराचं असावं. तो सब्बल ओलांडून आत आला, उघड्या हवेकडे तोंड करून तिला मांडीवर घेऊन बसला आणि पिपाणीचा आवाज कमी होईपर्यंत बसून राहिला. दुपारी त्यानं सब्बल उचलली आणि गोठ्यात ठेवून आला. रघुनाथरावांना काय सांगू, असं त्यानं विचारलं नाही. सांगायला गेलाही नाही.

पुढचं पाण्यासारखं सरळ झालं, म्हणजे पाणी नसल्यासारखं. त्या उन्हाळ्यात जुनी विहीर चैतातच आटली. नव्या विहिरीवर मोटर बसली होती; तिचं पाणी मधल्या धुऱ्यापर्यंत यायचं आणि वळायचं. श्रीधरनं कावडीनं पाणी घातलं, छायानं डोक्यावर गुंड वाहिले. त्या वाटणीत मिळालेल्या पितळी गुंडाचा तेवढा उपयोग झाला. धुऱ्याच्या अलीकडची झाडं ज्येष्ठात काळी पडली. पलीकडची हिरवीगार. वरून पाहिलं असतं तर बगीचा मधोमध भांग पाडल्यासारखा दिसला असता. श्रीधर गावातल्याच एकाच्या वावरात मजुरीला जाऊ लागला आणि पावसाळ्यानंतर त्यानं झाडं तोडायला घेतली.

नव्या चुलीला लाकूड कमी लागायचं. एवढ्या लाकडाचं करायचं काय? भैय्याजींनी गाडी पाठवली. संत्र्याचं वाळलं लाकूड चांगलं धगधगतं. थंडी आली होती, त्यांच्या घरात लहान पोर होतं, ऊब पाहिजे. श्रीधरनं गाडी भरून दिली. छाया म्हणाली, "देऊ नका." तो म्हणाला, "दारात पडलेलं पाहून पाहून मले जेवण जात नाही. नेऊ दे."

मालतीबाई त्या थंडीत पुन्हा आल्या. भैय्याजींच्या ओसरीवर जाऊन म्हणाल्या, आता तरी आतली चूल बदलून घ्या, तुमचं धाकटं पोर खोकून राहिलं. भैय्याजी म्हणाले, "आमच्या घरात धुराचा त्रास कोणालेच नाही बाई." समोर रघुनाथराव बसलेले होते. दुसरं काय म्हणणार?

चार दिवसांनी सकाळी सुशीला मागच्या वाटेनं छपरीशी आली. वाटणीपासून ती छायाशी बोलली नव्हती. कडेवर वर्षाचा रवींद्र होता, त्याचं तोंड उघडं होतं. छायाला त्यासाठी डॉक्टरची नळी लागली नाही. तिनं दुरूनच ती पिपाणी ऐकली.

"भाकरी होईलोक ह्याले इथं बसू दे," सुशीला म्हणाली. "आमच्या यायले सांगू नको."

"चूल बदलून घ्या ना बाई. पाइप मालतीबाई देऊन राहिल्या."

"कशी घेतील? पंचायतीत सांगून बसले, धुरानं काही होत नाही म्हणून. आता चूल बदलली तं लोक इचारतील, मग छायाची चूल कायले होती? अन् चुलीचं खरं निघालं, तं विहिरीचंही निघन." ती थांबली. "मले त्या दिवशी ठाऊक होतं. पंगतीच्या दिवशी."

"सगळ्यायलेच होतं," छाया म्हणाली आणि पोर घेतलं.

ते हलकं होतं, आणि त्याच्या जावळाला संत्र्याच्या लाकडाच्या धुराचा वास होता. आपल्या झाडांचा वास तिनं लगेच ओळखला. स्मितानं भावाला जवळ घेतलं आणि त्याच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. पलीकडे सुशीलाची फुंकणी सुरू झाली. भाकरी झाल्या की ती येऊन त्याला परत घेऊन जाणार होती. दिवसभर आणि रात्रभर तो तिकडेच, चुलीशी, शेगडीशी, उबेत.

वाटणी अशी पक्की झाली. भैय्याजींना विहीर मिळाली. स्मिताला श्वास मिळाला, त्याचं मोल श्रीधरनं झाडांनी चुकतं केलं. रघुनाथरावांना तीन पोळ्या, अंबाबाईंना काही समजत नव्हतं एवढं समाधान. आणि भैय्याजींच्या शब्दाची किंमत तेवढी राहिली होती, ती रवींद्र भरत होता, रोज, दार लोटलेल्या सैपाकघरात, तोंड उघडं ठेवून.